युद्धश्वान

युद्धश्वान : लष्करी कामगिरीसाठी निवडलेला, शिकवून तयार केलेला व सैन्याच्या तुकडीबरोबर प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात वावरणारा कुत्रा. पहारा व गस्त, शत्रूचा माग काढणे, संदेश पोहोचविणे, जखमी सैनिकांचा शोध घेणे तसेच पेरलेले सुरुंग व लपविलेली स्फोटके हुडकून काढणे, ही त्याची प्रमुख कामे होत. घोडा, हत्ती, उंट व खेचर यांच्याप्रमाणे कुत्र्याचाही युद्धातील उपयोग प्राचीन आहे. तथापि या प्राण्यांत व कुत्र्यात एक महत्त्वाचा भेद आढळतो. स्वार बदलला, तरी घोड्याचे बळ सैन्याच्या उपयोगी पडते. कुत्र्याचे नाक व कान मात्र सर्वसाधारणतः त्याला सांभाळणाऱ्या एका माणसाच्याच उपयोगी पडतात. तो माणूस कुत्र्याच्या हालचालींचा अर्थ जाणतो आणि कुत्रा त्याच्या शब्दावर जिवावरच्या संकटात शिरतो. त्यामुळे युद्धश्वानाचा इतिहास हा या परस्परविश्वासाचा इतिहास आहे. तसेच त्या विश्वासाची परतफेड राजांनी, सैन्यांनी व शासनांनी कशी केली किंवा केली नाही, याचाही तो इतिहास आहे.

प्राचीन काळ : इराणच्या झर्क्सीझ राजाने इ. स. पू. ४८० मध्ये ग्रीसवर स्वारी केली, तेव्हा त्याच्या सैन्यामागे भारतीय कुत्र्यांचा फार मोठा तांडा चालत होता, असे ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याने लिहिले आहे. बॅबिलनच्या इराणी सुभेदाराकडील भारतीय कुत्र्यांच्या पोषणासाठी चार मोठी गावे लावून दिली होती व त्या गावांना अन्य कर माफ होते, हेही त्यानेच नमूद केले आहे. अलेक्झांडर पंजाबात आला असता तेथील सौभूती राजाने त्याला सिंहाशी झुंजणारे कुत्रे दाखविले. पाय कापला जात असतानाही पकड न सोडणाऱ्या कुत्र्याची हकीकत अनेक ग्रीक-रोमन लेखकांनी दिली आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी याच्या मते आशिया मायनरमधील काही नगरे युद्धासाठी कुत्र्यांची पथके बाळगीत. ही पथके आघाडीवर लढत, कधी माघार घेत नसत आणि वेतनही मागत नसत. कुत्र्याला वेतन लागत नाही हा विचार युद्धाच्या इतिहासात पुढेही पुनःपुन्हा डोकावतो.

भारतीय वाङ्‍मयात कुत्र्याचे स्थान दुहेरी आहे. धर्मशास्त्रांनी त्याला अपवित्र मानले. उलट, महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाच्या दारी उभा असलेला युधिष्ठिर, बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून आत जाण्याचे नाकारतो. आपल्यावर भाव ठेवणाऱ्याचा त्याग हे मोठे पाप होय, अशी त्याची भूमिका आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कुत्र्याचा उपयोग व्यावहारिक दृष्टीने सांगितला आहे. विवीताध्यक्ष म्हणजे कुरणांचा अधिकारी याच्या कर्तव्यांच्या प्रकरणात, कुत्रे बाळगणाऱ्या शिकाऱ्यांनी रानांतून फिरत राहावे आणि चोर किंवा शत्रू येताना दिसल्यास शंख व दुंदुभी वाजवून इशारा द्यावा, अशी योजना आहे. सरहद्दीवर माणूस व कुत्रा यांनी मिळून घालावयाच्या गस्तीची ही कल्पना आधुनिक लष्करी गस्तीपेक्षा मूलतः निराळी नाही.

दख्खनमधील परंपरा : कुत्र्याच्या निष्ठेची राजसत्तेने घेतलेली नोंद म्हणून दख्खनच्या इतिहासात आतकूर (मंड्या जिल्हा, कर्नाटक) येथील शिलालेखास विशेष महत्त्व आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (कार. ९३९–९६७) याने तक्कोलम्‌च्या लढाईत चोळांचा पराभव केला. याच्या राज्यात विदर्भही मोडत असून त्याचा ९४० चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडला आहे. तक्कोलम्‌च्या लढाईत त्याच्या बाजूने लढलेला गंग राजा दुसरा बूतुग हा आपल्या मनलेर नावाच्या सेवकाच्या पराक्रमावर प्रसन्न झाला व त्याने त्यास हवे ते मागण्यास सांगितले. मनलेराने राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झालेल्या झुंजीत काळी व डुक्कर दोघेही मरण पावले. तेव्हा काळीच्या स्मरणार्थ देवळासमोर शिळा उभारण्यात आली, तिच्या पूजेसाठी जमीन देण्यात आली आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्यास दोष लागेल, असे लेखात कोरण्यात आले. हा लेख ९४९–५० मधील असून शिळा आता बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. काळी रणांगणावर लढला नव्हता. पण रणांगणावरील शौर्याचे बक्षीस म्हणून त्याची निवड झाली आणि त्याच्या मृत्यूनंतर वीरास साजेसा मान त्याला मिळाला. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात ‘सारमेयविनोद’ हे कुत्र्यांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यावरून दख्खनच्या राजदरबारी कुत्र्यांची निवड व शिक्षण हा जाणतेपणाने जोपासलेला विषय होता, असे दिसते.

मध्ययुगीन दख्खनमधील मोठ्या लढायांचा निर्णय घोडदळ, तोफा व हत्ती यांच्या बळावर होत असे. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा प्रदेश हे याचे बोलके उदाहरण होय. उत्तरेकडून वऱ्हाडमार्गे दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्यांच्या वाटेवर तो असल्याने तेथे अनेक लढाया झाल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोहिणखेड येथे बुऱ्हाण निजामशाहाने जमालखानाचा पराभव केला. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांच्यात लढाई होऊन मुबारिझखान मारला गेला व दक्षिणेत निजामाची सत्ता स्थिर झाली. या विजयावरून त्या गावास फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले. अशा वेगवान व मोठ्या हालचालींच्या युद्धात झुंजणाऱ्या कुत्र्यास स्थान नव्हते. त्याची जागा छावणीची राखण, गडाच्या दरवाजावरील पहारा व सरदारांची शिकार येथे होती. म्हणून त्या काळातील कुत्रा-मानव संबंधाचे पुरावे लढायांच्या वर्णनांपेक्षा समाध्या, सनदा व लोककथा यांत अधिक सापडतात.

यांपैकी सर्वांत ठळक पुरावा सातारा येथील आहे. छत्रपती शाहू महाराज (कार. १७०७–४९) यांचा ‘खंड्या’ नावाचा आवडता कुत्रा होता. शिकारीच्या प्रसंगी वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचविले. महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद दिली, त्यास पालखीचा मान दिला आणि पालखीचा सरंजामही चालू ठेवण्यात आला. एकदा भर दरबारात त्यांनी या कुत्र्यास जरीवस्त्रे व जवाहीर घालून स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले, असे ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) लिहिले आहे. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावरील माहुली येथे शाहू महाराजांच्या समाधीजवळ या कुत्र्याची दगडी मूर्ती आहे.

ग्रँट डफने हे सर्व महाराजांच्या उतारवयातील लहरीपणात जमा केले आहे. दरबारातील पागोट्याच्या प्रसंगाबाबत ते मान्य केले, तरी सनदेकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. स्वामिकार्यावर प्राण वेचणाऱ्याचा किंवा प्राण पणास लावणाऱ्याचा मोबदला इनाम, जहागीर किंवा पालखी यांच्या रूपाने देणे, ही मराठी राज्याची रूढ पद्धत होती. लढाईत पडलेल्या शिपायाच्या अल्पवयीन मुलांस ‘बालपरवेशी’ या नावाने नेमणूक चालविली जाई. खंड्याच्या सनदेत नवे काही असेल, तर ते म्हणजे हे ऋण माणसाप्रमाणेच प्राण्याच्याही नावे लिहिले गेले, एवढेच.

रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाची गोष्ट वेगळी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर (१६८०) त्यांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. राम गणेश गडकरी यांच्या राजसंन्यास या नाटकामुळे तिला विशेष प्रसिद्धी मिळाली. महाराजांच्या समाधीशेजारी या कुत्र्याचा पुतळा १९३६ मध्ये उभारण्यात आला. त्यासाठी इंदूरच्या होळकर संस्थानिकांनी देणगी दिली होती. या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, असा आक्षेप इतिहासाभ्यासकांनी घेतला आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी हा पुतळा हटविला व थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्ये हा वाद पुन्हा उद्‌भवला. इतिहासाचा पुरावा म्हणून या स्मारकाकडे पाहता येत नसले, तरी निष्ठेची परिसीमा दाखविण्यासाठी लोकमानसाने कुत्र्याचीच निवड करावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. माहुलीचा खंड्या व रायगडाचा वाघ्या यांतील फरक हा नोंद व आख्यायिका यांतील फरक आहे. अभ्यासकाने तो नेहमी ध्यानात ठेवावयास हवा.

मराठी मुलखातील कुत्र्यांच्या देशी जातींपैकी कारवान ही जात सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर या भागांत शिकारीसाठी व राखणीसाठी पाळली जाते. लांब पाय, अरुंद डोके, खोल छाती व अंगावर मांस कमी, अशी तिची शरीरयष्टी असते. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तिची जोपासना केल्यामुळे ती ‘मुधोळ’ या नावानेही ओळखली जाते. मुधोळ हे मुंबई इलाख्याशी निगडित असलेले मराठा संस्थान असून आता ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा या जिजाबाईंच्या जन्मस्थानाशी या घराण्याच्या इतिहासाचा एक कटू धागा जुळतो. १६४८ मध्ये शहाजी राजांना कैद करण्यात मुधोळच्या बाजी घोरपडे याचा हात होता. शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुधोळ कुत्र्यांचा उपयोग होत असे, ही समजूत आज प्रचलित आहे. परंतु तिला ठोस आधार नाही. भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ जातीचा समावेश होता.

आधुनिक युद्धे : कुत्र्याच्या युद्धातील उपयोगाला एक काळी बाजूही आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश आक्रमकांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर कुत्रे सोडले. त्यांपैकी बेसेरिलो हा पोर्तो रीको बेटावर इतका उपयुक्त ठरला की, त्याच्या नावे शिपायाचा वाटा काढला जाई. तो अर्थातच मालकाच्या हाती पडे. कुत्र्याची निष्ठा माणसाच्या हेतूची पारख करीत नाही. म्हणून तिच्या वापराची नैतिक जबाबदारी सर्वस्वी माणसावर येते.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) खंदकांच्या लढाईमुळे कुत्र्यांना नवे काम मिळाले. तोफांच्या माऱ्याने दूरध्वनीच्या तारा तुटत आणि संदेश घेऊन जाणारे शिपाई वाटेतच मारले जात. चपळ व ठेंगणा असलेला कुत्रा अशा जागेतून सुरक्षित जाऊ शकत असे. ब्रिटनने लेफ्टनंट कर्नल रिचर्डसन यांच्या देखरेखीखाली १९१७ मध्ये शूबरीनेस येथे युद्धश्वानांची शाळा काढली. तेथील पद्धत मानव-श्वान संबंधाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कुत्र्याचा सांभाळ करणारा शिपाई पिछाडीस राही. कुत्र्यास दुसऱ्या माणसाबरोबर आघाडीच्या खंदकात नेण्यात येई व गळपट्ट्यात संदेश अडकवून सोडून देण्यात येई. खंदकातील शिपायांनी त्याला खाऊ घालू नये किंवा कुरवाळू नये, असा सक्त हुकूम असे. कारण तसे केल्यास त्याची परतण्याची ओढ कमी होण्याचा संभव असे. कुत्रा लष्कराचा संदेश पोहोचवीत नव्हता. तो आपल्या माणसाकडे परत जात होता. लष्कराने त्या ओढीला संदेश बांधला, इतकेच. फ्रेंच, जर्मन व बेल्जियन सैन्यांनीही जखमींचा शोध घेणे, पहारा देणे व यांत्रिक तोफांचे लहान गाडे ओढणे यांसाठी हजारो कुत्रे वापरले.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) या विश्वासाची दोन टोके दिसून आली. सोव्हिएट सैन्याने रणगाड्याखाली अन्न ठेवून कुत्र्यांना रणगाड्याखाली शिरण्याची सवय लावली व १९४१ नंतर त्यांच्या पाठीवर स्फोटके बांधून त्यांना जर्मन रणगाड्यांवर सोडले. गोळीबाराला घाबरून त्यांतील अनेक कुत्रे आपल्याच खंदकांकडे परतले. संकटात माणसाकडे धावण्याची त्यांची प्रवृत्ती त्यांच्या व सैनिकांच्याही नाशास कारण झाली. दुसरे टोक ‘जूडी’ या ब्रिटिश नौदलातील पॉइंटर कुत्रीच्या हकीकतीत आढळते. तिची युद्धनौका १९४२ मध्ये बुडाल्यानंतर ती नौसैनिकांबरोबर सुमात्रा बेटावर जपान्यांच्या कैदेत पडली. तेथे फ्रँक विल्यम्स या सैनिकाने आपल्या तुटपुंज्या भातातील वाटा तिला दिला आणि तिला मारून टाकले जाऊ नये म्हणून अधिकृत युद्धकैदी म्हणून तिची नोंद करवून घेतली. सापांचा व हिंस्र श्वापदांचा सुगावा लागताच ती कैद्यांना सावध करी. ती युद्धानंतर जिवंत परतली आणि १९४६ मध्ये तिला डिकिन पदक मिळाले. युद्धातील प्राण्यांसाठी असलेले हे पदक मरिया डिकिन यांनी १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केले.

अमेरिकेत १९४२ पासून नागरिकांनी आपले पाळीव कुत्रे सैन्यास दिले आणि युद्धानंतर त्यांपैकी पुष्कळ कुत्रे पुन्हा शिकवून घरी परत पाठविण्यात आले. व्हिएटनाम युद्धात याच्या उलट घडले. तेथे सुमारे ४,००० कुत्र्यांनी काम केले. परंतु त्यांची गणना सामानात होत असल्यामुळे सैन्य परत जाताना त्यांतील बहुतेकांस मारून टाकण्यात आले किंवा स्थानिक सैन्याच्या हवाली करण्यात आले. ज्यांचे प्राण या कुत्र्यांनी वाचविले, त्या शिपायांच्या मनातील ही बोच पुढे अनेक वर्षे टिकली. अखेर नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने निवृत्त लष्करी कुत्रे त्यांच्या सांभाळकर्त्यांना व योग्य नागरिकांना दत्तक देण्याची सोय झाली.

भारतीय सेना : भारतीय सेनेत कुत्र्यांचे प्रजनन, शिक्षण व औषधोपचार ही कामे अश्व व पशुवैद्यक दलाकडे (रिमाउंट व्हेटरनरी कोअर) आहेत. या दलाची परंपरा १७७९ पासून सांगितली जाते. कुत्र्यांच्या शिक्षणाची शाळा या दलाच्या मीरत येथील केंद्रात १९६० मध्ये सुरू झाली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड (अल्सेशियन) व अलीकडे बेल्जियन मॅलिनॉ या जातींचा मुख्यतः उपयोग केला जातो. २०१६ मध्ये मुधोळ जातीची पिले मीरतला नेऊन त्यांना शिकविण्यात आले. लष्करी शिक्षणासाठी देशी जातीची अशी निवड होण्याची ती पहिलीच वेळ होय.

शिक्षणास नऊ-दहा महिने लागतात. प्रारंभी आज्ञापालन व गोळीबाराच्या आवाजाची सवय यांवर भर असतो. नंतर माग काढणे, पहारा, स्फोटकांचा शोध, हिमप्रपातात गाडलेल्यांचा शोध यांपैकी एका कामाचे विशेष शिक्षण दिले जाते. सर्व शिक्षणाचा पाया खेळ हा असतो. ठरावीक गंध सापडला की आवडता चेंडू व शाबासकी मिळते, हे कुत्र्याच्या मनावर ठसविले जाते. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याने गंध मिळताच भुंकायचे किंवा पंजाने उकरायचे नसते. त्याने शांतपणे खाली बसावयाचे असते, कारण धक्क्याने स्फोट होण्याचा धोका असतो. या साऱ्या काळात त्याचा हस्तक म्हणजे त्याला सांभाळणारा शिपाई त्याच्यासोबत असतो. खरारा, आहार, व्यायाम व आजारातील शुश्रूषा तोच करतो. कुत्र्याची शेपटी, कान व श्वास यांतील सूक्ष्म फरकावरून पुढील धोका ओळखण्याची कला त्याला अनुभवाने येते. कामाच्या वेळी दोघांमध्ये काही हात लांबीचा पट्टा असतो. कुत्र्याची चूक हस्तकाच्या जिवावर बेतते व हस्तकाची चूक कुत्र्याच्या.

याची साक्ष जम्मू-काश्मीरमधील अलीकडील घटनांतून मिळते. ऑगस्ट २०१५ मध्ये कुपवाडा जिल्ह्यातील तंगधार भागात ‘मानसी’ या लॅब्रॅडॉर कुत्रीने घुसखोरांचा सुगावा लागताच इशारा दिला. गोळीबारात ती व तिचा हस्तक बशीर अहमद वार हे दोघेही धारातीर्थी पडले. मानसीचा नामोल्लेख पुढे युद्धवृत्तांत (मेन्शन इन डिस्पॅचेस) करण्यात आला. भारतीय सेनेतील कुत्र्यास मरणोत्तर मिळालेला असा हा पहिला सन्मान मानला जातो. जुलै २०२२ मध्ये बारामुल्ला जिल्ह्यात ‘ॲक्सेल’ मारला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यात दोन गोळ्या लागूनही ‘झूम’ याने काम सोडले नाही. १३ ऑक्टोबर रोजी श्रीनगर येथील लष्करी पशुरुग्णालयात त्याचा अंत झाला. या दोघांचेही नामोल्लेख युद्धवृत्तांत झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरी जिल्ह्यात ‘केंट’ ही कुत्री आपल्या हस्तकाचा बचाव करताना ठार झाली. तिच्या शवपेटिकेवर राष्ट्रध्वज घालून तिला मानवंदना देण्यात आली.

महाराष्ट्रातील अनुभव : महाराष्ट्रात युद्धश्वानाशी तुल्य अशी कामगिरी मुख्यतः पोलीस दलाच्या श्वानपथकांनी बजावली आहे. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ मध्ये स्थापन झाले. मार्च १९९३ मधील साखळी बाँबस्फोटांनंतर ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉर कुत्र्याने मुंबई व परिसरात तीन टनांहून अधिक आरडीएक्स, तसेच डिटोनेटर व हातबाँब शोधून काढण्यास मदत केली. नोव्हेंबर २००० मध्ये तो कर्करोगाने मरण पावला व त्यास इतमामाने निरोप देण्यात आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर या कुत्र्यांनी बाँबशोधक पथकाबरोबर काम केले. निवृत्तीनंतर ते विरार येथील एका शेतघरात एकत्र राहत होते आणि २०१६ मध्ये एकामागून एक मरण पावले.

बुलढाणा जिल्ह्यासारख्या सरहद्दीपासून दूर असलेल्या प्रदेशालाही सुरुंगांचे व स्फोटकांचे हे युद्ध परके राहिलेले नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात ४० जवान बळी पडले. त्यांतील दोघे याच जिल्ह्यातील होते : एक मलकापूरचा व दुसरा लोणार तालुक्यातील चोरपांगरा या गावचा. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १ मे २०१९ रोजी, गडचिरोली जिल्ह्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात पोलीस जवान व त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. मृतांत बुलढाणा जिल्ह्यातील जवानही होते. अशा प्रत्येक घटनेत कुत्रा उपयोगी पडला असता, असे म्हणता येत नाही. भरधाव वाहनातून आणलेल्या स्फोटकांपुढे किंवा घाईने कापावयाच्या लांब रस्त्यावर त्याच्या नाकाला मर्यादा पडतात. उष्णता, धूळ व थकवा यांमुळेही त्याची घ्राणशक्ती मंदावते. तथापि वाळू-मातीखाली पुरलेले, धातूचा अंश अत्यल्प असलेले स्फोटक शोधण्याच्या कामी यंत्रांना त्याची जागा अद्याप पूर्णपणे घेता आलेली नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलाने बंगळूरजवळील तरळू येथे २०११ मध्ये स्वतःचे श्वान प्रजनन व प्रशिक्षण केंद्र काढले, त्यामागे हेच कारण होते.

निवृत्ती व समाजाचे ऋण : युद्धश्वानाचा सेवाकाल साधारणतः आठ ते दहा वर्षे वयापर्यंत असतो. भारतीय सेनेत निवृत्त किंवा निकामी कुत्र्यांना वेदनारहित मृत्यू देण्याची पद्धत दीर्घकाळ होती. अशा कुत्र्यांना लष्करी ठाण्यांची माहिती असल्याने ते चुकीच्या हाती पडू नयेत आणि त्यांची योग्य निगा राखणे इतरांना शक्य नाही, अशी कारणे तिच्या समर्थनार्थ पुढे येत. २०१५ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातून ही बाब उघड झाली व प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर शासनाने धोरण बदलले. असाध्य आजार नसलेल्या निवृत्त कुत्र्यांचा मीरत येथे सांभाळ करण्याची व त्यांना दत्तक देण्याची सोय करण्यात आली.

या बदलाकडे केवळ भूतदयेचे कृत्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. ज्या दलाने कुत्र्याला हस्तकावर पूर्ण विश्वास टाकण्यास शिकविले, त्याच दलाने अखेरीस त्या हस्तकाच्या देखत त्याचा जीव घ्यावा, यातील विसंगती सैनिकांनाही जाणवत होती. कुत्रा हे भांडारातील सामान मानले, की त्याच्या निर्लेखनाचा प्रश्न हिशेबाचा ठरतो. त्याला सहकारी मानले, की तो कर्तव्याचा ठरतो. आतकूरच्या शिळेसाठी जमीन देणाऱ्यांनी व खंड्याच्या नावे सनद लिहून देणाऱ्या शाहू महाराजांनी हा प्रश्न आपल्या काळाच्या रीतीने सोडविला होता. आधुनिक शासनांना त्याचे उत्तर नियमांच्या भाषेत सापडण्यास विसावे शतक संपावे लागले, तर भारतात ते एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सापडले. वेतन न मागणाऱ्या या शिपायाला पेन्शन लागत नाही. त्याला लागते ते अन्न, सावली आणि ज्याच्या आवाजावर तो आयुष्यभर धावला, त्या माणसाची किंवा तशाच एखाद्या माणसाची सोबत.